दुखतं तिथे एक बोट

कॅल्डरबेक
बुधवार, ३ जानेवारी १९७९

प्रिय क्लिफ,

तुम्हा दोघांचं कार्ड मिळालं. तुझी सही एडनाने केलेली दिसते. इतकं वळणदार ‘क्लिफ’ तू जन्मात लिहिलं नाहीस.

शनिवारी फुटबॉल कपचा सामना आहे, हे तुला सांगायला नको. वरच्या डिव्हिजनचा संघ आमच्या या पत्र्याच्या स्टँडखाली येऊन कपडे बदलणार. गावात दुसरं बोलणं नाही. काल खाटकाने चॉप्स बांधता बांधता विचारलं, “काय लेन, ब्रॅडॉकचा गुडघा कसा आहे?” माझा कसा आहे हे गेल्या कित्येक वर्षांत त्याने विचारलेलं नाही.

तर ब्रॅडॉकचा गुडघा. तुझ्या कीथने मेहनत केली आहे. ऑक्टोबरात डॉक्टरांनी सांध्यातली फाटलेली कूर्चेची गादी काढली, तेव्हा मांडी वाळून काठीसारखी झाली होती. आता पावलाला वाळूची पिशवी बांधून तो पाय सरळ उचलतो, जिने चढतो, धावतो, वळतो. “दुखतं का?” म्हणून विचारलं की “नाही, लेनकाका.” बाकीची पोरं हसतात, कारण मैदानावर तो मला ‘लेन’च म्हणतो, माझ्या फिजिओच्या टेबलावर आडवा झाला की काका आठवतो.

पण ‘नाही’ या शब्दावर माझा विश्वास उरलेला नाही. या खोलीत सगळेच ‘नाही’ म्हणतात. मी एक खूण धरून बसलो आहे: ज्याला खरंच दुखतं आणि जो ते कबूल करतो, तो एक बोट ठेवून जागा दाखवतो. लपवणारा अख्खा पंजा फिरवतो, “असं इथे कुठेतरी, विशेष काही नाही.” कीथ पंजाही फिरवत नाही. हात डोक्याखाली घेऊन छताकडे बघत पडतो.

त्याला दोष देत नाही. आमच्या मॅनेजरची, गॅस्केलसाहेबांची, रीत तुला माहीत आहे. जखमी खेळाडू त्यांना दिसत नाही. रोज सकाळी दारात उभे राहतात आणि कीथ समोर पडलेला असताना मला विचारतात, “तुझा माणूस कसा आहे?” सप्टेंबरपासून त्यांनी त्याचं नावसुद्धा घेतलेलं नाही. जखमींनी सगळ्यांच्या आधी यायचं, सगळ्यांच्या नंतर जायचं, आंघोळीला गार पाणी उरलं तर उरलं. जखमी असणं सुखाचं होऊ नये, असं त्यांचं शास्त्र आहे. आपल्या वेळचे साहेब निदान आईबापावरून बोलायचे तरी.

शनिवारी सकाळी मी त्याची परीक्षा घेईन. तुम्हा दोघांची तिकिटं बाजूला ठेवली आहेत. ये. तुला भेटून दोन उन्हाळे झाले.

तुझा,
लेन

* * *

मोरकॅम
गुरुवार, ४ जानेवारी

अरे लेन,

तुझं पत्र म्हणजे उपदेशाचं पुस्तक. आमच्या हॉटेलात सध्या तीनच पाहुणे आहेत, त्यातला एक नाश्त्याचा खारा किपर मासा खाताना काटे बशीत न ठेवता खिशात ठेवतो. का, ते विचारायचं धाडस माझ्यात नाही. समुद्र जागच्या जागी आहे.

आम्ही येणार नाही. बॉयलर बिघडला आहे आणि एडनाला एकटीला टाकून मी येऊ शकत नाही.

आता माझं ऐक. त्याला नापास कर.

शनिवारपुरतं म्हणत नाही. त्याला बसव आणि सांग की गुडघा संपला. तुझं तो ऐकेल, माझं ऐकणार नाही. एडनाच्या भावाची पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात ओळख आहे, तिथे जागा निघते आहे. टेबलखुर्ची, पेन्शन, उन्हाळ्यात सुट्टी. मुलगा तेवीस वर्षांचा आहे, अजून सगळं करता येईल.

तू मला कधी काही नाही म्हणाला नाहीस. आताही म्हणू नकोस. कारण विचारू नकोस, जमीन लोखंडासारखी झालेली आहे हेच कारण समज.

क्लिफ

* * *

कॅल्डरबेक
रविवार, ७ जानेवारी

प्रिय क्लिफ,

सामना झालाच नाही. रेफरीने मैदानात बुटाची टाच मारली, टाच आत गेली नाही, त्याने मान हलवली. लोक दोन तास रांगेत उभे राहून घरी गेले.

तुझं पत्र मात्र वेळेवर आलं. शनिवारी पहिल्या टपालाने. ते कोटाच्या खिशात ठेवूनच मी परीक्षेला गेलो.

आमच्याकडे परीक्षा कशी असते, ते तुला आठवत असेल. स्टँडच्या मागे कोळशाच्या चुरीची वाट, तिथे जमीन जरा मऊ. आधी धावणं, मग वळणं, मग उड्या. शेवटी मी चेंडू मध्ये ठेवतो आणि आम्ही दोघं दोन बाजूंनी एकदम त्यावर पायाची आतली कड घालतो. गुडघ्यात काही खोट असेल तर ती तिथे बाहेर पडते. कीथने सहा वेळा पाय घातला, सहाही वेळा हसत. मी त्याला पास केलं. गॅस्केलसाहेबांना सांगितलं, “माझा माणूस तयार आहे.” मग रेफरी आला.

चेंडूचा आवाज मात्र मला नीट वाटला नाही. भरीव यायला हवा होता, तसा आला नाही. कदाचित थंडीने असेल.

पण मुद्दा तो नाही. गुडघा चांगला आहे, क्लिफ. मला जेवढं कळतं त्यावरून चांगला आहे, आणि तू मला तो संपला म्हणून सांगायला सांगतोस. मी फिजिओथेरपी शिकायला कॉलेजात गेलो तेव्हा तीस वर्षांचा होतो. आजूबाजूला अठरा वर्षांच्या मुली, आणि प्राचार्य म्हणाले होते, “फुटबॉलवाले ना तुम्ही? इथे वाचावं लागतं.” मी वाचलं. तीन वर्षं माणसाचं एकेक हाड पाठ केलं, ते एवढ्यासाठीच की माझ्या बाबतीत जसं ‘काही नाही, थंड पाणी लाव’ असं कुणीतरी अंदाजाने म्हणालं, तसं मला कुणाला म्हणावं लागू नये. आता माझा शब्दच खोटा केला तर माझ्याकडे राहतं काय? बादली आणि स्पंज.

मग मी तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि एक वाईट विचार आला. तो लिहावा की नाही यावर बराच वेळ बसलो आहे. लिहितो. तू इतकी वर्षं खेळलास, पण कपमध्ये एकदाही जानेवारी पाहिला नाहीस, मोठे संघ उतरतात त्या फेरीपर्यंत पोचलाच नाहीस. मुलगा पाहणार आहे. ते तुला सोसत नाही, असं तर नाही ना?

हे खोटं असेल तर मला माफ कर. मला ते खोटंच हवं आहे.

लेन

* * *

मोरकॅम
बुधवार, १० जानेवारी

लेन,

वा. कॉलेजात मनाची हाडंसुद्धा शिकवतात वाटतं.

तुझा खेळ अठ्ठाविसाव्या वर्षी एका दुपारी संपला. तुला उचलून नेलं तेव्हा स्ट्रेचरचं एक टोक माझ्या हातात होतं. मला किती दिवस तुझी दया येत होती. तू खाटेवरून मला म्हणायचास, “तू नशीबवान आहेस, क्लिफ.” मी नशीबवान होतो. छत्तीसपर्यंत खेळलो. तुझ्यापेक्षा आठ वर्षं जास्त, गोठलेल्या जमिनीवर, दुखतंय म्हटलं तर जागा जाईल म्हणून न म्हणता.

यापेक्षा जास्त मी लिहिणार नाही. तिकिटं खाटकाला दे.

क्लिफ

* * *

मोरकॅम
शुक्रवार, १२ जानेवारी

प्रिय लेन,

हे पत्र मी पोस्टात बसून लिहिते आहे. तुझं पत्र क्लिफने खुर्चीच्या गादीखाली ठेवलं, आणि ती गादी झटकणारी मीच. वाचायला नको होतं. वाचलं.

बॉयलर बिघडलेला नाही. तळघरात उतरायला नऊ पायऱ्या आहेत आणि क्लिफला त्या उतरता येत नाहीत. चढता तर मुळीच येत नाहीत. गेल्या वर्षीच्या मोसमापासून तो पुढच्या खोलीत कोचावर झोपतो. पाहुणे उठायच्या आत मी पांघरुणं कपाटात कोंबते. पाहुण्यांना वाटतं मालक किती लवकर उठून खिडकीत बसतात. कोट अडकवायच्या खुंट्यांचा स्टँड आहे ना, त्याला धरून तो उभा राहतो. मी खोलीत असले की विनोद करतो. कण्हणं लपवायला.

कीथला यातलं काही माहीत नाही. तो यायचा असला की क्लिफ आधीच खुर्चीत बसलेला असतो आणि तो जाईपर्यंत बसूनच राहतो. मागच्या खेपेला कीथ मला म्हणाला, “आई, बाबा किती आळशी झालेत गं, चहासुद्धा तुलाच हाक मारून मागतात.” क्लिफ हसला. मी स्वयंपाकघरात गेले.

दोन्ही खुबे झिजले आहेत. डॉक्टरांकडे एकदा नेलं, तिथेही तो म्हणाला, “विशेष काही नाही.”

तू खोटं बोलावंस असं मला म्हणायचं नाही. खोट्याच्या घरात राहणं कसं असतं ते मला ठाऊक आहे. कीथने खेळावं असंही म्हणवत नाही. मला काय हवं आहे तेच कळत नाही, लेन. फक्त तू त्याला मत्सरी म्हणालास ते तसंच राहायला नको. हे मी सांगितलं हे लपव असं म्हणत नाही. तुझं तू ठरव.

तुझी,
एडना

* * *

कॅल्डरबेक
गुरुवार, १८ जानेवारी

प्रिय क्लिफ,

लिहू नकोस म्हणून तू लिहिलं नव्हतंस, म्हणून लिहितो.

सामना पुन्हा पुढे गेला. मैदानावर पेंढा पसरला आहे, रात्री तोही गोठतो. यामुळे मला कीथची परीक्षा पुन्हा घ्यावी लागली, आणि जे झालं ते तुलाच सांगायला हवं, कारण दुसऱ्या कुणाला ते कळणार नाही.

काल सकाळी चेंडू मध्ये ठेवला. पाय घातले. तोच पोकळ आवाज. यावेळी मी कान देऊन होतो.

मी म्हणालो, “तू जोर लावला नाहीस.”

“लावला की.”

“कीथ. मी सरावात तुझ्या बापासमोर सहा वर्षं खेळलो आहे. लावला नाहीस. गुडघा दुखतो?”

“नाही हो.”

“मग?”

तो बुटाने चुरी उकरत राहिला. मग म्हणाला, “तुमचा दुखेल म्हणून, लेनकाका.”

“माझा?”

“सगळेच हळू घालतात. नवीन आलेल्याला पहिल्याच दिवशी सांगतात, साहेबांसमोर तोंड उघडू नकोस, आणि लेनसमोर पाय जोरात घालू नकोस, त्याचा निखळेल.”

मी हसलो, असं मला वाटतं. तो हसला नाही, म्हणजे बहुधा मीही हसलो नसेन.

क्लिफ, मी या क्लबचा फिजिओ झाल्यापासून प्रत्येक शनिवारी हीच परीक्षा घेतो आहे. मी त्यांना जपत होतो, कारण माझा पाय खरंच दुखतो आणि मी अर्ध्या जोरानेच घालतो. आणि तेही मला जपत होते. दोन माणसं चेंडूच्या दोन बाजूंनी एकमेकांवर उपकार करत होती, आणि मी वर जाऊन सांगत होतो, “माझा माणूस तयार आहे.” कितीजण त्या शब्दावर मैदानात गेले, यावर मी कालपासून विचार करतो आहे. अर्ध्या मनाने घातलेला पायच मोडतो, हे तुझ्यामाझ्याइतकं कुणाला माहीत असणार? माझा तसाच तर गेला. आणि मी धावत मैदानात शिरलो की शेडमधले प्रेक्षक ओरडतात ना, “अरे, त्याच्यासाठी आणखी एक फिजिओ बोलवा!”, ते मला आजवर विनोद वाटत होतं.

म्हणजे कीथचा गुडघा चांगला आहे, हे तुला लिहिलं, ते मला माहीत नव्हतं. संपलेला आहे, हेही माहीत नव्हतं. खरं सांगतो, क्षणभर मोह झाला. तुझं ऐकायला याहून चांगलं निमित्त मिळालं नसतं: ‘खात्री देता येत नाही, पोरा, सोडून दे.’ ते अर्धं खरंही झालं असतं. पण अर्ध्या जोराची एक गोष्ट मी नुकतीच पाहिली होती.

मी गॅस्केलसाहेबांच्या खोलीत गेलो. म्हणालो, “मला ही परीक्षा घेता येत नाही. पाय चालत नाही. तुम्ही घ्या.”

“मी? जखमी माणसाबरोबर?”

“तुम्ही बचावफळीत सेंटर हाफ होतात. तुम्हाला कुणी जपणार नाही.”

त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं. त्यांना मीही तेव्हाच दिसलो असणार. मग त्यांनी बूट घातले. पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस. पण त्यांनी पाय घातला तेव्हा आवाज असा झाला की स्टँडवरची कबुतरं उडाली. तीनदा. कीथ पांढरा पडला, पण उभा राहिला. तिसऱ्यानंतर साहेबांनी धाप टाकत हात पुढे केला आणि म्हणाले, “गुड मॉर्निंग, ब्रॅडॉक.”

तुझ्या मुलाचे डोळे भरून आले. एवढ्यासाठी! मला त्याचा राग आला, साहेबांचा आला आणि आपल्या दोघांचा आला, कारण आपणही अशाच एका ‘गुड मॉर्निंग’साठी सगळं गिळलं होतं.

तेव्हा तो खेळणार. मी त्याला खोटं सांगणार नाही. त्या पत्रातला मत्सराचा शब्द मात्र मी मागे घेतो. मला काही कळलं म्हणून मागे घेतो आहे, मन मोठं आहे म्हणून नव्हे, आणि कुणाकडून कळलं ते तू ओळखशीलच. तिच्यावर रागावू नकोस.

मला फक्त एकच विचारायचं आहे. या खोलीत मी प्रत्येकाला विचारतो तेच, तुला मात्र इतक्या वर्षांत कधी विचारलं नाही. कुठे दुखतं, क्लिफ?

लेन

* * *

कॅल्डरबेक
गुरुवार, १ फेब्रुवारी

प्रिय क्लिफ,

तुझं उत्तर आलं नाही. मी रोज टपाल बघतो, तेवढंच.

मंगळवारी सामना झाला. तू रेडिओवर ऐकला असशील. तीन–शून्य, आणि ते तीनवरच थांबले ही त्यांची सभ्यता. कीथ पूर्ण वेळ खेळला. चांगला खेळला, असं मी म्हणेन. एकदा त्यांच्या त्या इंटरनॅशनल विंगरकडून त्याने चेंडू असा काढून घेतला की माझ्या मागचा म्हातारा म्हणाला, “अरे, हा तर क्लिफ ब्रॅडॉक!” मी मागे वळून बघितलं नाही. बादलीत बघत बसलो.

पण मला लिहायचं आहे ते बुधवार सकाळचं.

मी खोली उघडली तेव्हा कीथ दारात उभा होता. कुणी बोलावलं नव्हतं. पाठोपाठ गॅस्केलसाहेब आले. त्यांनी आपणहून म्हटलं, “काय ब्रॅडॉक, बरा आहेस ना?” यासाठीच तर पोराने चार महिने घालवले होते. ‘हो साहेब’ म्हटलं की झालं.

तो टेबलावर बसला, पँट वर सारली आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला एक बोट ठेवलं.

“इथे,” तो म्हणाला. “सेकंड हाफपासून. वळलं की जास्त.”

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “तुझा माणूस किती दिवस?” झालं. तो पुन्हा दिसेनासा झाला.

मी ते बोट बघत राहिलो. इतक्या वर्षांत खेळता येत असताना, मी न विचारता, मला असं बोट कुणी दाखवलं नव्हतं. थोडं पाणी झालं आहे, आतल्या बाजूचा पट्टा, लिगामेंट, ताणला आहे. तीन आठवडे विश्रांती. ते सांगितलं. त्याच्यापुढचंही सांगितलं: गादी नसलेला गुडघा आहे, आज ना उद्या घासणार, किती वर्षांनी ते मला माहीत नाही, कुणालाच नाही, प्रत्येक वेळी असं बोट ठेवलंस तर जास्त वर्षं, पंजा फिरवलास तर कमी. पाणीपुरवठ्याच्या जागेचंही सांगितलं, बाबांना तसं वाटतं म्हणून. तो म्हणाला, “विचार करतो.” करेल, असं वाटलं. निर्णय त्याचा आहे, आणि आता निदान खऱ्या माहितीवर होईल.

जाताना त्याने विचारलं, “लेनकाका, बाबांना कधी दुखायचं का हो? कधी बोलले नाहीत.”

मी म्हणालो, “ते त्यांना विचार.”

एवढंच म्हणालो, क्लिफ. बाकी तुझं आहे. रविवारी तो तिकडे येतो आहे.

मी थकलो आहे. परवा बादली उचलताना वाटलं, ही पुढच्या मोसमात दुसऱ्या कुणी उचलली तर चालेल. मग वाटलं, त्या नव्या माणसाला सांगायला तर हवं की पाय पूर्ण जोराने घालायचा.

लेन

* * *

मोरकॅम
सोमवार, ५ फेब्रुवारी

अरे लेन,

काटेवाला पाहुणा गेला. खिशातले काटे मांजरासाठी होते म्हणे. समुद्राच्या भिंतीवर एक लंगडं मांजर बसतं. आपण माणसाबद्दल उगीच काय काय समजतो.

कीथ काल आला. मी खुर्चीत होतो. चहा झाला, सामना झाला, साहेबांना शिव्या झाल्या. मग त्याने गुडघा दाखवला, एक बोट ठेवून, तू शिकवलं असशील तसं, आणि म्हणाला, “बाबा, तुमचं?”

मी म्हणणार होतो, विशेष काही नाही. तोंड उघडलंसुद्धा. एडना दारात ट्रे घेऊन उभी होती, ती आत येईना की बाहेर जाईना.

मी उठलो. त्याच्यासमोर. तुला सांगतो, वेळ लागला. तो धरायला पुढे आला, मी म्हटलं, “थांब, नुसतं बघ.” त्याने पाहिलं. खुंट्यांच्या स्टँडपर्यंत गेलो, तिथून खिडकीपर्यंत, आणि परत. त्यावरची एका पाहुण्याची हॅट पडली. कुणी उचलली नाही.

मग तो म्हणाला, “केव्हापासून?” मी सांगितलं. त्याने रागाने दरवाजा आपटला, बाहेर बंधाऱ्यावर जाऊन आला, आणि तळघरात उतरून बॉयलरमध्ये कोळसा घालून आला. पाणीपुरवठ्यात जाणार की नाही ते बोलला नाही. मीही विचारलं नाही. जाताना म्हणाला, पुढच्या रविवारी येतो, त्या कोचाचं काहीतरी करू.

तू त्याला नापास केलं नाहीस त्याबद्दल मी तुझ्यावर अजून रागावलेला आहे. पण आपल्या खोलीत, आपल्या वेळी, असा एक जरी माणूस असता तर बरं झालं असतं. हे परत लिहिणार नाही.

तू एक प्रश्न विचारला होतास. उशीर झाला, पण उत्तर देतो. बोट ठेवून देतो आहे, तू बघू शकत नाहीस एवढंच.

डावा खुबा. पुढच्या बाजूला, जांघेत. खुर्चीतून उठताना. जिना चढताना, म्हणून चढत नाही. पहाटे कूस बदलताना. एडना बघत असते आणि मी हसत असतो, तेव्हा सगळ्यात जास्त.

उजव्याचं तू आल्यावर सांगतो.

क्लिफ